खुलासा: कोलोससने एनिग्मा फोडला नव्हता

‘कोलोसस या संगणकाने एनिग्मा फोडला’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. एनिग्मा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने गुप्त संदेशांसाठी वापरलेलं सांकेतिक यंत्र.

एनिग्माचा भेद पहिल्यांदा १९३२ मध्ये पोलंडच्या मारियान रेयेव्स्की यांनी केला. पुढे ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त संदेश फोडणाऱ्या केंद्रात त्यासाठी ‘बॉम्ब’ नावाची यंत्रं वापरली गेली. कोलोसस १९४४ मध्ये आला, तो लॉरेन्झ या वेगळ्या जर्मन यंत्राचे संदेश फोडायला. ते यंत्र डोळ्यांनी न पाहता बिल टट यांनी केवळ संदेशांवरून त्याची रचना ओळखली होती. हे नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

कोलोसस घडवणारे टॉमी फ्लॉवर्स हे टपाल खात्याचे इंजिनिअर. युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडले गेले आणि फ्लॉवर्सना आपली कागदपत्रं जाळावी लागली. गोंधळाचं मूळ बहुधा या गुप्ततेतच असावं.

‘मूळ कोलोसस आजही चालू आहे’ हेही खरं नाही. ब्लेचलीत आज दिसतो तो टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून मोजके फोटो, उरलेले आराखडे आणि जुन्या इंजिनिअरांच्या आठवणींवरून पुन्हा उभा केलेला.