कापूर कळला म्हणजे वास येतो असे नाही

इंदूरच्या आमच्या मराठी नातेवाइकांच्या गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो: 'डोळे मिटून कापराची वडी नाकाशी धरा, वास आला तर घ्राणशक्ती शाबूत आहे. जेवणाची चव लागत असेल तर शंकाच नको. दवाखान्यात वास मोजता येत नाही, सगळा अंदाजाचा मामला.'

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. गंधाची जाणीव मेंदूकडे नेणारी मज्जातंतूंची जोडी वेगळी आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणारी वेगळी. कापूर, पुदिन्याचा अर्क, अमोनिया यांचा थंडावा किंवा झणका या दुसऱ्या जोडीलाही जाणवतो. त्यामुळे ज्याला गुलाबाचा वास मुळीच येत नाही तोही कापूर हुंगून 'आला' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या आईला आरतीचा कापूर कळत होता, पण एका सकाळी शेगडीवर दूध करपून धूर दिसेपर्यंत ती दोन हातांवर मेथी निवडत बसून होती. गॅसगळती कळावी म्हणून सिलिंडरमधल्या वायूत उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, हे आठवून त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

चवीचे म्हणाल, तर पोह्यांवर भुरभुरतात त्या जिरावण मसाल्यातले मीठ आणि आमचूर जिभेला कळते. त्यातले जिरे आणि हिंग ओळखते ते नाकच, घशामागून वर चढणाऱ्या गंधावरून.

राहिला मोजण्याचा प्रश्न. डॉक्टर आधी एकेक नाकपुडी बंद करून कॉफी, साबण असे न झोंबणारे वास देतात. त्यापुढे, अमेरिकेत 1980 च्या दशकात तयार झालेल्या एका चाचणीत कागदावर लावलेले 40 गंध खरवडून हुंगायचे असतात आणि प्रत्येकासाठी चारांपैकी एक पर्याय निवडावाच लागतो. नुसत्या अंदाजाने साधारण 10 उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे त्याहून फारच कमी गुण पडले तर रुग्ण मुद्दाम चुकतो आहे का, अशीही शंका घेता येते. जर्मनीतल्या, शाईऐवजी गंध भरलेल्या पेनांच्या चाचणीत ओळखण्याबरोबरच किती सौम्य गंध जाणवतो आणि दोन गंधांतला फरक कळतो का, हेही तपासून 48 पैकी गुण देतात.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. अमेरिकन चाचणीत रूट बिअर या तिथल्या गोड शीतपेयाचा वास आहे. तो आयुष्यात कधी न हुंगलेल्या आजींना ओळखता आला नाही, तर दोष त्यांच्या नाकाचा नाही. म्हणून गंध आणि पर्याय रुग्णाच्या ओळखीचेच हवेत. किती सौम्य गंध जाणवतो हे तपासताना तर नाव सांगावेच लागत नाही: तीन पेनांपैकी वास असलेले एक ओळखले, एवढे पुरते.