बोटभर काच उघडी ठेवून गॅस हीटर? थांबा

थंडीची चाहूल लागली की लातूर-नांदेड-संभाजीनगरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम (आत झोपता-राहता येईल अशी गाडी) करून स्पिती-लडाखला निघालेल्यांना त्यात चार सल्ले असतात. डिझेल जाळून गाडी आतून तापवणारा डिझेल हीटर विषारी धूर सोडतो, तो नको. घरचं सिलिंडर आणि गॅस हीटर न्या, काच बोटभर उघडी ठेवा. नाहीतर सोलरवर रूम हीटर चालवा. आणि डिझेलचाच घ्यायचा तर 8 किलोवॉटचा घ्या. यातला दुसरा सल्ला जीव घेऊ शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

सिलिंडरला जोडायचा लालभडक जाळीचा हीटर हवा आतलीच घेतो आणि जळून उरलेलं सगळं आतच सोडतो. 1 किलो एलपीजी जळताना सुमारे 1.6 लिटर पाण्याची वाफ होते. 2 किलोवॉटचा हीटर आठ तास चालला तर सव्वा किलो गॅस जळतो, म्हणजे रात्रीत दोन लिटर पाणी काचांवर, पत्र्यावर आणि गादीखाली जमतं. हे झालं किरकोळ नुकसान. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. बोटभर फटीतून हवा किती येईल ते वाऱ्यावर अवलंबून, आणि मध्यरात्री कुडकुडत कोणी काच लावून घेतली की तेवढाही आधार गेला. त्यात एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस फरशीलगत साचतो, वरच्या काचेतून जात नाही. घरगुती सिलिंडर नियमाने घरच्या स्वयंपाकासाठी असतं, हे वेगळंच.

बरं, एवढं करून स्पितीत तो नीट पेटेल का? आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि ब्युटेनचा वायू होणं शून्य अंशाच्या आसपास जवळपास थांबतं. उणे दहाला सिलिंडर जड लागतं, पण आच मिणमिणते. युरोपातल्या मोटरहोममध्ये गॅसवरचे ट्रुमा कंपनीचे हीटर सर्रास दिसतात ते खरं. पण ते बंद कक्षात जळतात, हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात आणि थंडीत प्रोपेनवर चालवले जातात. त्यांचं नाव घेऊन जाळीचा हीटर खपवू नये.

डिझेल हीटरच्या धुरात विष असतं, यात खोटं काही नाही. प्रश्न तो जातो कुठे, हा आहे. वेबास्टो किंवा एबरस्पेखर कंपनीचा असो की स्वस्तातला चिनी, ज्वलनाची हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखालून जातो. आतली हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरते. घात होतो तो बसवताना. फरशीच्या प्लेटखाली गॅस्केट नीट न बसणं, सायलेन्सरच्या जोडावर क्लॅम्प सैल राहणं, धुराचं तोंड गाडीच्या पोटाखालीच सोडून देणं. तोंड गाडीच्या कडेबाहेर काढा आणि ज्वलनाची हवा घेणाऱ्या पाइपापासून लांब ठेवा. डिझेलचा पंप आडवा लावू नका, डिझेल बाहेर पडणारी बाजू वर हवी, नाहीतर नळीत बुडबुडे येतात. सुरू होताना ग्लो प्लग (तापून डिझेल पेटवणारा भाग) काही मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो. वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर दाखवून बंद होतो. बंद करताना मेन स्विच मारू नका, पंखा ज्वलनाचा कक्ष थंड करून आपोआप थांबतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावाच. हे कोणत्याही हीटरला लागू.

सोलरचं गणित छोटं आहे. 1500 वॉटचा हीटर 12 व्होल्टच्या 200 अँपिअर-अवर लिथियम बॅटरीला दीड तासात लोळवतो, आणि 400 वॉटचं पॅनेल हिवाळ्यात दिवसभरात दीड-दोन युनिट देतं. कॅम्पसाइटवर वीज असेल तर खुशाल लावा.

राहिला 8 किलोवॉट. हीटरच्या पंपावर ‘22’ लिहिलेलं असेल तर तो हजार ठोक्यांना 22 मिलि डिझेल ढकलतो. सेकंदाला 5 ठोके धरले तरी तासाला सुमारे 400 मिलि, म्हणजे जेमतेम 4 किलोवॉट उष्णता. 8 हा आकडा डब्यावरचा आहे. इन्सुलेशन केलेल्या ट्रॅव्हलरला 2 किलोवॉटचा पुरतो. मोठा घेतला की तो रात्रभर मंद चालतो, आणि मंद ज्योतीत काजळी धरते.

काजळीचं दुसरं कारण उंची. स्पितीतलं काझा 3,600 मीटरच्या वर. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाने विरळ. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, मग काळा धूर, आणि दुसऱ्या दिवशी हीटर पेटतच नाही. कंट्रोलरमध्ये पंपाचे हर्ट्झ (सेकंदाचे ठोके) कमी करा, पंखा वाढवा, आणि बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा.

मेसेजमध्ये इंधनाबद्दल अवाक्षर नाही. साध्या डिझेलची हिवाळ्यातली वाहण्याची मर्यादा 3 अंशांची. त्याखाली ते वाहीलच असं नाही, मेण धरतं आणि पंपाची जाळी तुंबते. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी आणलेलं हिवाळी डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं. म्हणून हीटरला वेगळी टाकी लावा, लातूरचं डिझेल खालीच संपवा आणि ती टाकी वर गेल्यावर हिवाळी डिझेलनेच भरा. भरल्यावर नळीतलं जुनं डिझेल जाईपर्यंत हीटर दहा मिनिटं चालवून घ्या.