फोन नाही म्हणजे सगळं ठीक

उद्या दुपारी परत महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया, 1,300 किलोमीटरच्या वर, आणि तरी गाडी राज्याची हद्द ओलांडत नाही. उद्या बसायचं ते परवा अंधार पडल्यावर उतरायचं. राईस मिलचं स्टॉक ऑडिट आहे. हे माझं सहावं वर्ष, आणि आत्ता रात्री दहाला मी गॅसचा कट्टा तारेच्या घासणीनं घासून आलेय. तो दुपारीच स्वच्छ होता.

माझी भीती अशी बाहेर पडते. कुणाचे हात गार पडतात, कुणाचं पोट बिघडतं, मी घासत सुटते. पहिल्या वर्षी नवरा म्हणाला होता, "अगं, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" या वाक्यानं कुणाची भीती गेलेली मी तरी पाहिली नाही. उलट भीतीच्या जोडीला लाजही येऊन बसते.

बाईमाणूस एकटी निघाली म्हणजे चोरांना नाही तर वाईट नजरेच्या माणसांना भीत असणार, असं सगळे धरून चालतात. तेही असतंच. रेल्वेचा मदत क्रमांक 139 फोनमध्ये सेव्ह आहे, बॅगेला साखळी आहे, हॉटेल स्टेशनजवळचं आणि आधी ठरवलेलं. त्या भीतीचं निदान काहीतरी करता येतं. माझी खरी भीती मला कळली ती गोदामात.

पहिलंच वर्ष, डिसेंबर. धानाच्या पोत्यांची थप्पी मोजत होते. ज्यांनी कधी मोजली नाही त्यांच्यासाठी सांगते : लांबीत किती पोती, रुंदीत किती आणि वर किती थर. 12 गुणिले 8, म्हणजे एका थरात 96 पोती. पोतं 40 किलोचं धरलं तर एक थर चुकला की 38 क्विंटल धान कागदावरून गायब. नाकातोंडात धूळ, हातात पॅड, आणि फोन वाजला. सासूबाई. "पोराच्या अंगात जरा कणकण आहे. तू काळजी करू नको हं, आम्ही आहोत." दहा मिनिटांनी आईचा, कारण सासूबाईंनी तिलाही कळवलं होतं. मग नणंदेचा. मग नवऱ्याचा, "मी तुला सांगणारच नव्हतो, पण आता कळलंच आहे तर..." जो तो मला काळजी करू नको हे सांगायला फोन करत होता.

मी थर मोजले, आकडा लिहिला. शेजारी उभे असलेले मुनीम हळूच म्हणाले, "म्याडम, अकरा लिहिले तुम्ही. बारा आहेत ना जी." (कमी भरले म्हणून सांगितलं. जास्त भरले असते तर सांगितलं असतं का, देव जाणे.)

मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगाशेजारी जाऊन रडले. त्या क्षणी स्टेशन गाठलं असतं तरी घरी पोचेपर्यंत दुसरी रात्र झाली असती. ताप तर सकाळी उतरलासुद्धा. पण घरी माझी गरज पडेल आणि मी तिथे नसेन, ही ती भीती. तिला साखळी लावता येत नाही. नेटवर सांगतात, दीर्घ श्वास घ्या. राईस मिलमध्ये घेऊन बघा.

परत आल्यावर नवऱ्याशी नीट बोलले आणि आम्ही ठरवलं : रात्री नऊला एक फोन. मधे फोन करायचा तो मला इथून काही करता येणार असेल तरच. डॉक्टरकडे न्यायचं का, हे त्यानं ठरवायचं, मला विचारायचं नाही. पण रात्री सगळं खरं सांगायचं, लपवायचं काही नाही. एकदा लपवलं की पुढे "सगळं ठीक आहे" या वाक्यावर विश्वास बसत नाही. मीही "बसले, जेवले, आता भुसावळ आलं" असे मेसेज बंद केले. बसल्यावर एक, पोचल्यावर एक. मधे फोन नाही म्हणजे सगळं ठीक.

माझं मत विचाराल तर घरच्यांची भीती जाणाऱ्याच्या फोनमधून येते, आणि आपली त्यात मिसळून दुप्पट होते. धीर देण्यापेक्षा फोन कमी करा. सासूबाई रुसल्या होत्या, "आम्ही साधा फोनही करायचा नाही का?" दोन वर्षं लागली. आजही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा एक फोन येतोच, दशम्या खाल्ल्यास का म्हणून. तेवढा मी चालवून घेते.

आमच्या ऑफिसातले पन्नाशीचे एक सर नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी जेवतच नाहीत. माझा कट्टा घासण्याचा किस्सा ऐकल्यावर त्यांनी हे सांगितलं, तेही दार लावून.

पोरगा आता दहा वर्षांचा आहे. मघाशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, चकचकीत कट्टा बघितला आणि म्हणाला, "फ्रीज राहू दे आई, तो मागच्या वेळी केलास."