‘धर्मांतराचे कारखाने’ म्हणणाऱ्यांना झेवियर्सचं उत्तर

‘कॅथलिक कॉलेजं म्हणजे धर्मांतराचे कारखाने. शिक्षण हा देखावा. भारतीय संस्कृतीशी त्यांना देणंघेणं नाही, वर राजकारण करतात.’ हा मजकूर अधूनमधून फिरत येतोच. त्यात मुंबईच्या सेंट झेवियर्सचं नाव बहुतेक वेळा असतं, म्हणून तेच घेऊन बोलू.

कारखाना असेल तर माल दिसायला हवा. जर्मन जेसुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, हे कॉलेज १८६९ मध्ये काढलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याच्याही आत आहेत. त्यातले वसई-मुंबईचे ईस्ट इंडियन म्हणवणारे स्थानिक कॅथलिक तर कॉलेजच्या कितीतरी आधी, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. त्या अमलात जुलूम झाला, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी आणि शिक्षा, झालं, हे खरंच आहे. त्याचा हिशेब आज बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या पोरांकडून कसा मागणार?

शिवाय संविधानाचं कलम २८(३) आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. चर्चचा स्वतःचा नियमही पाहा. १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक उच्चशिक्षण संस्थांसाठी दस्तऐवज काढला. संस्थेच्या सगळ्या कामात कॅथलिक शिकवण उतरावी, असं त्यात उघड म्हटलंय. पण प्रत्येकाचं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य पूर्णपणे जपावं, हेही त्यातच आहे. म्हणजे धार्मिक हेतू कुणी लपवलेला नाही.

आता संस्कृती. फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेसुइट १९२२ मध्ये मुंबईत आले आणि विजयनगरच्या अरविडू घराण्यावर ग्रंथ लिहून बसले. मोहेंजोदारोची लिपी वाचायचा त्यांचा ध्यासही मोठा होता. तो दावा विद्वानांनी मानला नाही, ही वेगळी गोष्ट. १९२६ मध्ये त्यांनी झेवियर्समध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था उभारली. आज ती त्यांच्याच नावाने चालते. १९८१ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. याच कॉलेजात वनस्पतिशास्त्रज्ञ जेसुइट फादर ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपणारं. इथलेच वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव खंडाळ्याचे डोंगर पालथे घालत तिथल्या झाडाझुडपांची नोंद करत राहिले, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये पद्मश्री. सह्याद्रीतल्या गवताची जात ओळखून ठेवणाऱ्याला या मातीशी देणंघेणं नव्हतं म्हणायचं, तर म्हणणाऱ्याने आधी खंडाळ्याची पाच गवतं सांगावीत.

राहिलं राजकारण. २०१४ च्या निवडणुकीआधी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास यांनी विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिलेल्या टिपणात गुजरातच्या विकासाच्या मॉडेलवर शंका घेतली आणि गदारोळ झाला. प्राचार्याच्या खुर्चीतून ऐन मतदानाच्या तोंडावर असं लिहावं का, यावर भांडता येईल. मलाही ते थोडं खटकलं होतं. पण त्यात बाप्तिस्मा नव्हता, विषय होता मानव विकासाच्या निर्देशांकांचा. आकडे चुकले असतील तर दुसरे आकडे मांडावेत; त्यासाठी धर्मांतराचा आरोप लागत नाही.