पेटीत कानडी पेपर

अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आमच्या घरी कोणी आंबा तोंडात घालत नाही. सासूबाईंचा नेम आहे आणि तो मोडायची माझी हिंमत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या फळवाल्याकडून दोन डझनांची पेटी उचलली. बाराशे रुपये डझन. पेटीवर ठळक अक्षरांत 'अस्सल देवगड हापूस', कोपऱ्यात जीआयचा, म्हणजे हे नाव फक्त त्याच भागातल्या मालाला लावता येतं असं सांगणाऱ्या भौगोलिक मानांकनाचा शिक्का, मागे समुद्र, माड, होडी, सगळं कोकण छापलेलं. घरी येऊन पेंढा बाजूला केला, तर तळाशी अंथरलेलं अख्खं पान कानडी पेपरचं!

तरी म्हटलं, असेल. एक कापून पाहिला. साल जाड, गर फिकट पिवळा, आणि वास घ्यायला फळ नाकाला टेकवावं लागलं. देवगडचा पिकलेला हापूस स्वयंपाकघरात असला, तर दारात चपला काढतानाच कळतं.

पेटी घेऊन तशीच परत गेले. तो शांतपणे म्हणतो, "ताई, रद्दी काय, कुठलीही येते. तुम्ही आंबा बघा, पेपर कशाला वाचता?" अरे, मला तो वाचता येत नाही म्हणूनच तर आलेय ना! मग त्याने पेटीवरच्या त्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे बघा, सरकारी आहे."

इथे माझं डोकं फिरलं. कारण शिक्का खोटा असला तरी त्यामागचं मानांकन खरं आहे. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या, केवढे हारतुरे! आता म्हणे नकली हापूसवाल्यांची खैर नाही. आणि मी अजून रस्त्यावर उभी राहून साल चिमटीत धरून जाडी मोजतेय.

माझ्या आत्याची देवगडला कलमं आहेत. आतेभावाने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलंय. अर्ज, सातबारा, हेलपाटे, सगळं झालं. प्रमाणपत्र फ्रेम करून गणपतीच्या कॅलेंडरशेजारी टांगलंय. भाव वाढला का विचारलं तर हसतो. नोंदणी त्याने करायची, आपला आंबा आपलाच आहे हे त्याने सिद्ध करायचं. २०२५ च्या हंगामापासून तर देवगडच्या बागायतदारांनी फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर चिकटवायला घेतलं. दिवसभर आंबे उतरवायचे आणि रात्री पडवीत बसून एकेक फळ हातात घेऊन स्टिकर लावत बसायचं. बिचारे! चोर मोकळा आणि घरमालक स्वतःच्या भांड्यांवर नावं घालत बसलाय.

विकणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. बाजारात छापील खोकी कोणीही विकत घ्यावीत, आत काहीही भरावं. कर्नाटकाचा आंबा वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. कलम हापूसचंच असतं, फक्त माती वेगळी, हवा वेगळी. आमरसाला मी स्वतः मुद्दाम आणते, निम्म्या भावात. तो 'कर्नाटक हापूस' म्हणून विका ना, कोण नको म्हणतंय? नोव्हेंबरात वाशीला थेट आफ्रिकेतून मलावीचा हापूस येतो. तो बरोबर 'मलावी' म्हणून विकला जातो, कारण त्या दिवसांत कोकणात पिकलेला आंबा नसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खोटं फक्त जिथे पचतं तिथेच बोलायचं.

कायदा नाही असंही नाही. १९९९ चा आहे, २००३ पासून लागू आहे. खोटं मानांकन लावलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, वर पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. वाचून बरं वाटतं. मग पुढे वाचा. झडती-जप्ती करायची तर पोलीस अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा तरी हवा, आणि त्यानेही आधी मानांकनं नोंदवणाऱ्या निबंधकाचं मत मागवायचं. ते कार्यालय चेन्नईला! म्हणजे स्टेशनाबाहेरच्या दोन डझन आंब्यांसाठी डीवायएसपी येणार, तो चेन्नईला विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत मी आंबे अढीत घालून वाट बघणार. दार्जिलिंगच्या चहाला हे जमेल. डब्यात टिकतो तो. हापूस आठवड्यात काळा पडतो.

आणि तरी दरवर्षी आपली बातमी येतेच: महाराष्ट्राच्या आणखी अमुक उत्पादनांना मानांकन! नागपूरची संत्री झाली, कोल्हापूरचा गूळ झाला, अलिबागचा पांढरा कांदा झाला, मुळशीकडचा आंबेमोहोर झाला. आमच्या वाण्याकडच्या आंबेमोहोराला शिजताना मोहोराचा सोडा, कसलाच वास येत नाही. मानांकनं किती झाली हे मोजतात. शेतकऱ्याच्या हातात किलोमागे किती रुपये जास्त पडले, किती नकली खोकी पकडली, ते कोण मोजणार?

असो. पितरांना तोच आंबा दाखवला. सासूबाईंनी फोड तोंडात घातली, दोनदा चावली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचे चोवीसशे रुपये.

काल दुपारी बेल वाजली. त्याच फळवाल्याचा पोऱ्या, मजल्यामजल्यावर फिरत होता. "ताई, देवगडची रिकामी पेटी आहे का? वीस रुपये देतो."