ऑफिस टाइमला कात्री लावायचीच

उन्हाळा लागला की बागप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोड्याफार फरकानं हाच: ‘ऑफिस टाइम हे रसाळ झाड आहे, त्याला कधीही कात्री लावू नका. कापलं की रस गळून झाड सडतं, कळ्या जातात, फुलं बंद होतात. लांब फांद्या म्हणजे झाड सुखात आहे. चुकून कापलंच तर हळद लावा, भरपूर पाणी द्या आणि शेणखत घाला.’ पुढे पाठवणारे बहुतेक सज्जन असतात. नुकसान फक्त कुंडीचं होतं.

‘कळ्या जातात, फुलं बंद होतात’ हा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. सकाळी दहाच्या सुमारास कुंडीपाशी बसून एखादी फांदी हातात धरून बघा. फूल येतं ते फक्त फांदीच्या टोकाला. तिथे बारीक पानांचं एक कडं असतं, त्यात पांढरट मऊ लव असते आणि त्या लवेत चार-पाच कळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्यातली एक आज उमलते, ऊन उतरलं की मिटते आणि दुसऱ्या दिवशी तिचा ओलसर चोथा होतो. मग पुढची. फांदीच्या मधल्या भागाला तुम्ही वर्षभर पाणी घातलंत तरी तिथे फूल येणार नाही. म्हणजे जितकी टोकं तितकी फुलं, हिशेब इतका सरळ आहे.

आता फांदी कापलीच नाही तर काय होतं? ती लांबत जाते, खालची पानं गळतात, कुंडीच्या मधोमध टक्कल पडतं आणि कडेनं लोंबणाऱ्या सुतळ्यांना टोकाशी एकेक फूल राहतं. शेंडा खुडला की मात्र खालच्या पानांच्या बेचक्यातून फुटवे निघतात आणि प्रत्येक फुटव्याला स्वतःचं टोक असतं. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते याच कारणासाठी. खुडलेल्याची भाजी होते आणि झाड डेरेदार होतं, घाटे जास्त धरतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या घरात कुणी शेतात गेलेलं असतं तर त्यानं लिहिण्याआधी विचारलं असतं.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की छाटल्यावर दोन-तीन आठवडे फुलं कमी दिसतात. तेवढंच पाहून निकाल दिलेला दिसतो. सलग फुलं हवीच असतील तर आज अर्धी कुंडी छाटा आणि तिला नवे शेंडे आले की उरलेली.

‘रस गळून सडतं.’ जाड खोडाच्या निवडुंगांच्या बाबतीत ही भीती अगदीच खोटी नाही. मोठी जखम ओली राहिली तर तिथून कूज शिरते. पण ऑफिस टाइमची फांदी उदबत्तीहून थोडी जाड. कापल्यावर पाण्यासारखा थेंब येतो आणि उन्हात तो भाग लवकर सुकतो. हे झाड आपल्या घोळीच्या भाजीचं सख्खं भावंड आहे, दोन्ही पोर्टुलाका वंशातली. घोळ किती वेळा खुडून घेतली तरी पुन्हा फुटते, हे भाजीवालीला विचारा. (जाता जाता: घोळ समजून तोडलेल्या देठातून पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, चिकाचं दुसरंच तण आहे. खाऊ नका.)

‘लांब फांद्या म्हणजे सुख.’ टांगत्या कुंडीतून थोडं लोंबणं वेगळं. पण दोन पानांमधलं अंतर वाढलंय, फांदी फिकट होऊन उजेडाकडे मान वळवतेय, तर झाडाला ऊन पुरत नाही. हे झाड मूळचं ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वेकडचं, रेताड जमिनीतलं आणि लख्ख उन्हातलं. निदान पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कात्रीही काही करू शकत नाही, कुंडी हलवावी लागते.

हळदीबद्दल वाद नको, लावायची तर लावा. कात्री स्वच्छ आणि धारदार असली की काम झालं.

खरा घातक सल्ला शेवटचा आहे. छाटल्यावर पानं कमी होतात, त्यामुळे झाड पाणी कमी ओढतं. अशा वेळी भरपूर पाणी घातलं तर माती ओलीच राहते, मुळं आणि फांदीचा बुडखा मऊ काळा पडतो आणि मग म्हणायचं, बघा, कापलं म्हणून सडलं! छाटल्यावर वरची माती कोरडी होईपर्यंत पाणी देऊ नका. शेणखताचंही तेच. कच्चं असेल तर बुरशीला आमंत्रण, आणि फार झालं तर पानं माजतात, फुलं नाहीत. मूठभर चांगलं मुरलेलं खत नवे फुटवे दिसल्यावर घातलं तरी चालतं.

मेसेजमध्ये वेळेबद्दल मात्र चकार शब्द नाही, आणि खरी चूक तिथेच होते. आपल्याकडे मोठी छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये करावी, थंडी सरून ऊन तापायला लागलं की. एक तृतीयांश ते निम्मी लांबी काढा, पण प्रत्येक फांदीवर खाली थोडी हिरवी पानं राहू द्या. अगदी निबर, उघड्या बुडख्याला फुटवा येईलच असं नाही. पुढे मेअखेरपर्यंत तीन-चार आठवड्यांनी नुसते शेंडे खुडत राहा. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते, तेव्हा हात आवरा. भर पावसात तर छाटूच नका. त्या दिवसांत जखम सुकायला ऊनच मिळत नाही.

कापलेले तुकडे ग्लासात पाण्यात बुडवून ठेवण्याचीही एक पद्धत सांगतात. मुळं येतात, पण तितकेच तुकडे कुजतात. त्यापेक्षा बोटभर तुकड्याची खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या मातीत सरळ खोचा. बियांपासून केलं तर रंगाचा भरवसा नसतो. तुकड्यातून मात्र तोच रंग आणि तेवढ्याच पाकळ्या येतात. मेअखेरची खुडणी म्हणूनच फेकू नका. दोन-तीन लहान कुंड्यांत लावून पागोळ्या पडणार नाहीत पण उजेड येईल अशा जागी ठेवा, कारण कोकणात काय आणि मुंबईत काय, जुलैच्या संततधारेत उघड्यावरची मूळ कुंडी बहुतेक वेळा जातेच.