गाण्यांचा कारखाना काढू इच्छिणाऱ्यांस

ब्रिटनमध्ये पॉप गाण्यांचे निर्माते म्हणून नाव काढण्याची इच्छा आपल्या मनात बळावली असेल, तर पीट वॉटरमन यांच्या चरित्राचे एकदा तरी पारायण करावे.

पहिली गोष्ट, वाद्य शिकण्याच्या भानगडीत पडू नये. वॉटरमन यांनी तरुणपणी उमेदवारी केली ती वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्याची आणि पुढे डिस्कोत तबकड्या लावण्याची. 1984 साली माइक स्टॉक आणि मॅट एटकन हे चाली बांधणारे, वाद्ये वाजवणारे गृहस्थ भेटले आणि तेवढी अडचण कायमची मिटली. ड्रम वाजवणाऱ्याची बिदागीही वाचवावी. यांच्या तबकड्यांवर वादक म्हणून ‘ए. लिन’ असे नाव छापले जाई; हे लिन महाशय म्हणजे लिन कंपनीचे तालयंत्र असल्यामुळे ते कधी उशिरा आले नाहीत, की त्यांचा ताल कधी चुकला नाही.

गायकासाठी गावभर हिंडण्यापूर्वी आपल्याला चहा कोण आणून देतो, हे नीट पाहावे. लंडनच्या बरो भागातील यांच्या स्टुडिओत चहा करणारा आणि टेपयंत्रे सांभाळणारा रिक ॲस्टली 1987 साली ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’ हे गाणे घेऊन पाच आठवडे ब्रिटनमध्ये तबकड्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसला. (त्या काळात चहा कोणी केला, याची नोंद मला सापडली नाही.)

पाहुण्यांना वाट पाहायला लावणे हा तर या धंद्याचा प्राण होय. ऑस्ट्रेलियातील मालिकेत काम करणारी कायली मिनोग लंडनला आली, तेव्हा ती येणार हेच मंडळी विसरून गेली होती. तिचे परतीचे विमान त्याच दिवशी होते आणि तिच्यासाठी गाण्याची एक ओळही तयार नव्हती. तेव्हा तिला बाहेर बसवून, सुमारे 40 मिनिटांत शब्द आणि चाल उरकून, तिच्याकडून ते गाऊन घेऊन तिची बोळवण करण्यात आली. ते गाणे पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढचे गाणे हवे म्हणून स्टॉक यांना ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन तिची माफी मागावी लागली खरी. पण आपणही तिकिटाच्या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवावी, म्हणजे शिष्टाचाराची घाई करावी लागणार नाही.

समीक्षक सगळी गाणी एकाच साच्यातली आहेत म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नये. यांची शंभराहून अधिक गाणी ब्रिटनच्या पहिल्या चाळिसांत गेली, आणि साचा बदलत बसले असते तर इतका माल निघाला नसता. शिल्लक उरलेल्या पैशांतून, कोळसा टाकलेल्या दिवसांची आठवण म्हणून, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या नामांकित इंजिनाची मालकी भागीदारीत घ्यावी, जशी वॉटरमन यांनी 1993 साली घेतली.

एवढे करून म्हातारपणी आरामखुर्चीत बसावे आणि इंटरनेटवाल्यांच्या पैशांची वाट पाहावी. ॲस्टलीचे तेच गाणे भलत्याच नावाच्या दुव्यामागे लपवून लोक एकमेकांना फसवण्यासाठी कोट्यवधी वेळा लावू लागले, तेव्हा सहगीतकार म्हणून यूट्यूबकडून आपल्याला 11 पौंड मिळाल्याचे वॉटरमन यांनी सांगितले. 2010 साली त्यांनी व स्टॉक यांनी देशासाठी युरोव्हिजन या देशादेशांतील गाण्यांच्या स्पर्धेचे गाणे रचले. ओस्लोच्या अंतिम फेरीत 25 देशांत ते 25 वे आले आणि त्याला 10 गुण मिळाले. हे दोन्ही आकडे आपल्या वहीत एकाखाली एक लिहावेत, मात्र बेरीज करू नये, कारण एक पौंडांत आहे आणि दुसरा गुणांत.